पहिल्या अर्ध्या तासानंतरचे किलोमीटर

पळताना कुणी कोसळल्याची बातमी आली की दोन दिवस माझा फोन थांबत नाही. बातमी मुंबईच्या मॅरेथॉनची असो, जिममधल्या ट्रेडमिलवरची असो की एखाद्या तालुक्याच्या शर्यतीची, ज्यांना माझी काळजी आहे ते सगळे ती मला पाठवतात. भावाने खाली लिहिलेलं असतं, 'ताई, आता पुरे.' नणंद लिहिते, 'चालत जा ना, पळायचं कशाला?' मला त्यांचा राग येत नाही. धडधाकट माणूस, व्यायाम करणारा, आणि व्यायाम करतानाच गेला, हे मनाला पटत नाही. मग त्या पळण्यातच काहीतरी खोट असणार, असं वाटणं साहजिक आहे.

मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी करते, पन्नाशी ओलांडली आहे आणि लांब पल्ल्याचं धावते. आमच्या गावात हा विषय घरोघरी निघतो, कारण २०१२ पासून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, एकूण २१ किलोमीटर. शर्यतीच्या दिवसांत देशभरातून माणसं येतात, लॉज भरतात, आणि कडेला उभी राहिलेली लहान मुलं हात पुढे करून प्रत्येक पळणाऱ्याकडून टाळी घेतात. एरवीच्या रविवारीही घाटात पहाटे पळणारे असतात. खाली उतरल्यावर चहा होतो, आणि चहाबरोबर वाद.

वाद ठरलेला. एक जण म्हणतो, लांब पळण्यासारखा दुसरा व्यायाम नाही; हृदय दणकट होतं, साखर ताब्यात राहते, झोप लागते. दुसरा म्हणतो, दोन-दोन तास पळून स्नायू झिजवण्यापेक्षा वीस मिनिटं जोरात इंटरव्हल कर (थोडा वेळ जीव तोडून, थोडा वेळ सावकाश), वजनं उचल, आणि गुडघे म्हातारपणासाठी शिल्लक ठेव. मग कुणीतरी कुठल्याशा संशोधनाचं नाव घेतं, दुसरा दुसऱ्याच संशोधनाचं. चहा संपतो, वाद पुढच्या रविवारी.

मी यात पुष्कळ वाचन केलं आहे, डॉक्टर मित्रांना छळलं आहे, आणि स्वतःच्या शरीराकडेही नीट लक्ष दिलं आहे. माझं म्हणणं इतकंच की धावण्याने शरीराला जे मिळायचं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात मिळून जातं. त्यापुढचे किलोमीटर आरोग्याच्या खात्यात मांडू नयेत. ते ज्या खात्यातले आहेत तिथे मांडले, तर हा वाद आहे त्याहून कितीतरी सोपा होईल.

मॅरेथॉनचं अंतरच घ्या. १८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली तेव्हा ते सुमारे ४० किलोमीटर होतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. हे अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलं, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पुढे १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. या आकड्यामागे हृदयाचं, फुप्फुसांचं किंवा सांध्यांचं कुठलंही गणित नाही. तरीही आपण 'फुल केली' आणि 'हाफ केली' असं तब्येतीच्या पायऱ्या चढल्यासारखं बोलतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक मृत्यू आहे. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धावत आलेला दूत, विजयाची बातमी सांगून तिथेच कोसळून मेलेला. त्या युद्धाचा इतिहास लिहिणारा हेरोडोटस मात्र ही गोष्ट सांगतच नाही. तो सांगतो ती फिडिपिडीस नावाच्या धावपटूची, जो मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला. सुमारे २४० किलोमीटर अंतर, आणि तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. कोसळून मेल्याची कथा पाचशेहून अधिक वर्षांनंतरच्या लेखकांकडे सापडते. म्हणजे धावण्याने माणूस मरतो ही जगातली सर्वांत प्रसिद्ध साक्ष घटनेनंतर कित्येक शतकांनी नोंदवलेली आहे. मला हे माहीत झाल्यापासून त्या दूताबद्दल फार जिव्हाळा वाटतो. जिवंत परतलेल्या माणसाला लोकांनी गोष्टीसाठी मारलं.

धावण्याच्या बाजूचा पहिला भक्कम पुरावा धावणाऱ्यांकडून आलाच नाही. तो बसमधून आला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या हृदयविकाराचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचे रस्ते तेच, पाळ्या त्याच, बस तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला शेकडो पायऱ्या चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झाला तर उशिरा होत होता आणि झटक्याने दगावण्याचं प्रमाणही कमी होतं. हे वाचलं तेव्हा मी कॅशच्या खुर्चीत बसत होते, आणि आपण यातल्या कुठल्या बाजूला आहोत हे कळायला वेळ लागला नाही. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

कंडक्टर ४२ किलोमीटर पळत नव्हते. घाम निथळेल असंही काही करत नव्हते. फक्त बसून राहत नव्हते. एवढ्यावर जर इतका फरक पडत असेल, तर आपण ज्याला व्यायाम म्हणतो त्याची सुरुवात आपल्या कल्पनेपेक्षा फार खाली, फार जवळ आहे.

पण माणसाचं मन खाली थांबत नाही. १९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी दमसास मोजायची बारा मिनिटांची चाचणी लोकांपुढे आणली, आणि पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत रस्त्यारस्त्यावर माणसं पळू लागली. त्याच लाटेत थॉमस बॅस्लर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी जाहीर केलं की जो मॅरेथॉन पूर्ण करतो आणि सिगारेट ओढत नाही, त्याला हृदयाच्या धमन्यांचा आजार मारू शकत नाही. किती गोड दावा होता तो! लोकांना तो खरा हवा होता. १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मॅरेथॉन धावणाऱ्यांच्याच शवविच्छेदनात तुंबलेल्या धमन्या दाखवल्या आणि तो दावा संपला.

सामान्य माणसासाठी तो संपला २० जुलै १९८४ रोजी. जिम फिक्स या लेखकाने अमेरिकेला पळायला शिकवलं होतं. धावण्यावरचं त्याचं पुस्तक लाखोंनी खपलं होतं. त्या दिवशी व्हरमाँटमधल्या एका रस्त्यावर पळताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय ५२. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक वादात त्याचं नाव निघतं: बघा, पळण्याचा गुरूच पळताना गेला.

ही गोष्ट सांगणारे अर्धीच सांगतात. फिक्सच्या वडिलांना पस्तिशीत पहिला झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी गेले. फिक्स स्वतः पस्तिशीपर्यंत दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढत होता आणि अंगाने चांगलाच जड होता. पळायला लागल्यावर त्याने सिगारेट सोडली, वजन उतरवलं, आणि वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला. धमन्या मात्र आतून तुंबत राहिल्या होत्या आणि त्याने त्या तपासून घेतल्या नव्हत्या. मला त्यातून समजतं ते असं: धावणं हा उपचार आहे, तपासणी नाही. आपल्या भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत बऱ्याच लवकरच्या वयात गाठतो. ज्या घरात वडील किंवा काका पन्नाशीच्या आत गेले आहेत, त्या घरातल्या मुलाने शर्यतीचं बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, घेण्याआधी रक्त, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते आणि कंटाळा येईपर्यंत सांगत राहणार आहे.

भावाला मी एकदा आकडे वाचून दाखवले होते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन मिळून सुमारे १ कोटी ९ लाख धावपटू उतरले. त्यांतल्या ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा नंतर लगेच बंद पडलं, ४२ दगावले. लाखामागे एकाहून कमी. पूर्ण मॅरेथॉनमधला धोका अर्धमॅरेथॉनच्या जवळपास चौपट निघाला, तो आकडाही मी त्याच्यापासून लपवला नाही. मेलेल्यांच्या घरी आकड्यांनी काही होत नाही, हे मला कळतं. पण ५९ जणांची बातमी होते आणि खुर्चीत बसून गेलेल्यांची होत नाही, म्हणून आपली भीती चुकीच्या दिशेला वाढते.

मग किती पळावं? डॅलसला ५५ हजारांहून अधिक लोकांवर सुमारे पंधरा वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. पळणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा ४५ टक्के कमी होतं, आणि आयुष्य सरासरी तीन वर्षांनी जास्त. मला थक्क करणारा भाग पुढचा होता. जे दिवसाला अवघी पाच-दहा मिनिटं, तीही हळूहळू पळत होते, त्यांनाही हा फायदा जवळजवळ तेवढाच झाला होता. जास्त पळणाऱ्यांच्या पदरात फार जास्त काही पडलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी कोपनहेगनमधून एक अभ्यास आला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला: खूप पळणारे आणि अजिबात न पळणारे सारखेच मरतात. आमच्या चहाच्या टपरीवर तो मथळा कितीतरी महिने जिवंत होता. मूळ अभ्यासात खूप आणि वेगात पळणाऱ्या गटात जेमतेम तीस-चाळीस माणसं होती आणि त्यांत मृत्यू दोन. दोन मृत्यूंवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. कमी पळणाऱ्यांना भरपूर फायदा, हे मात्र त्यातही ठळक होतं.

याचं कारण शरीराच्या आत आहे. बसून राहिलेलं हृदय जेव्हा आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास कामाला लागतं, तेव्हा एका ठोक्यात ते जास्त रक्त ढकलायला शिकतं. म्हणून विश्रांतीचे ठोके कमी होतात. पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, स्नायू रक्तातली साखर ओढून घ्यायला लागतात. यातली सगळ्यात मोठी उडी शून्यातून थोड्याकडे जाताना असते. थोड्यातून खूपकडे जाताना पायऱ्या लहान होत जातात, आणि खूपातून फार खूपकडे जाताना झिजेची किंमत सुरू होते.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण ती बाजू माझ्या घरात बसलेली आहे. माझे मामा कोल्हापूरचे, तालमीच्या मातीत वाढलेले. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर जोर, बैठका, मुद्गल. मी पहिल्यांदा मेडल घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, कौतुक केलं, आणि मग म्हणाले, "पळून पळून माणूस हरणागत हुतोय बग. दिसाय देखणा, पर धरला की संपला." मग माझा हात हातात घेऊन दाबला. मला सोडवता आला नाही.

त्या हाताच्या पकडीला शास्त्रात मोठी किंमत आहे. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीची ताकद मोजणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. पकड दर ५ किलोने कमी, तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून अंदाज चांगला बांधता आला. पकड म्हणजे अख्ख्या अंगातल्या स्नायूंची खबर. आणि स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के कमी होत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. लांब पळण्याने ही गळती थांबत नाही. पळणं पायातल्या सावकाश दमणाऱ्या तंतूंना तरबेज करतं. पण म्हातारपणी आधी जातात ते झटपट जोर लावणारे तंतू, तोल गेला की सावरणारे. त्यांना वजन लागतं, जोर लागतात, बैठका लागतात. मामा आजही हात न टेकता जमिनीवरून उठतात. आमच्या ग्रुपमधल्या कितीतरी मॅरेथॉनवाल्यांना ते जमत नाही. तरीही जिने चढताना मामांना धाप लागते, आणि मला लागत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, मान मात्र हलवली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत दोन्ही गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम. लोक पहिला आकडा पाठ करतात आणि दुसरं वाक्य सोडून देतात. आमचे धावणारे तर हमखास.

गुडघ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण तिथली भीती बरीचशी फोल आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवरच्या धावपटूंत १३.३ टक्के. इथेही तेच दिसतं: थोडं आणि मध्यम पळणाऱ्यांचं भलं, टोकाला गेलेल्यांना किंमत.

बायकांसाठी मात्र मला दोन गोष्टी जोर देऊन लिहायच्या आहेत, कारण त्या पुरुषांच्या चर्चेत येतच नाहीत. पहिली रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला, महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक जणींना. हिमोग्लोबिन नऊवर असताना घाट चढायला लागलेली बाई दमली की तिला वाटतं, आपल्यात जिद्द कमी आहे. तिच्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला गाडीच कमी आहे. बूट घ्यायच्या आधी तिने रक्त तपासावं. दुसरी गोष्ट खाण्याची. वजन उतरवायला म्हणून पळायचं आणि त्याच कारणाने भाकरी अर्धी करायची, असं कितीतरी मुली करतात. पळण्यात होणाऱ्या ऊर्जेच्या खर्चाला पुरेल इतकं अन्न मिळालं नाही की शरीर पाळी थांबवतं, हाडं पातळ करतं. पाळी चुकायला लागली की ती पळण्याची सवय झाल्याची खूण समजणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणून मी इथे सांगते आहे: ती धोक्याची घंटा आहे. डॉक्टरकडे जा आणि जेव.

दम आणि ताकद यांना एकमेकांसमोर उभं करणाऱ्या लोकांना मला आमच्याच राज्यातल्या धावपटूंनी गाजवलेली एक शर्यत दाखवावीशी वाटते. स्टीपलचेस. ३ हजार मीटर पळायचं आणि वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडायचे. हे अडथळे नेहमीच्या हर्डलसारखे धक्का लागला की पडत नाहीत, माणूसच पडतो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी पट्ट्यातलं गाव. तिथली ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची धावपटू होती, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली. मग ती स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली होती, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या दिवशी साताऱ्यात आम्ही टीव्हीसमोर उभ्याने ती शर्यत पाहिली.

आणि बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. फौजेत भरती झाला, सियाचीनला राहून आला, मग धावायला लागला. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाकडे जात होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूपेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागे. हाच साबळे अर्धमॅरेथॉन एका तासाच्या किंचित वर, १ तास ३० सेकंदांत पळाला आहे. २१ किलोमीटर टिकणारा दम आणि ९१ सेंटिमीटरच्या लाकडी ओंडक्यावरून थकलेलं अंग पुन:पुन्हा उचलणारी ताकद, दोन्ही एकाच देहात. चहाच्या टपरीवर मी हे उदाहरण दिलं की जिमवाले आणि पळणारे दोघेही साबळेला आपल्या बाजूला ओढतात, याचा मला फार आनंद होतो.

पहाटे साडेचार-पाचला घराबाहेर पडलं की मला आमच्या ग्रुपच्या आधी भेटतात ती भरतीची मुलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर ती दिसतील. अंधारात, पांढऱ्या पट्टीच्या कडेने, साध्या बुटांत, कधी अनवाणी. त्यांच्यासाठी धावणं आरोग्यासाठी की आनंदासाठी हा प्रश्नच नाही. ते नोकरीसाठी आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावण्यात कोसळून किमान चार तरुण गेले. गावाकडून एसटीने रात्रभर प्रवास करून आलेली, फुटपाथवर झोपलेली, अर्धपोटी मुलं उन्हात रांगेत उभी राहतात आणि मग त्यांना जीव तोडून पळायला लावलं जातं. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना तासात १० किलोमीटर पळायचं होतं. दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. या मृत्यूंना धावण्याचा दोष म्हणणं मला मान्य नाही. झोप, पाणी, जेवण, सावली आणि आधीची तपासणी यांतलं काहीही नसताना कुठलंही काम माणसाला मारू शकतं.

मुंबईतल्या त्या मृत्यूंनंतर महाराष्ट्रात ५ किलोमीटरचं ते अंतर कमी झालं. आज पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्याबरोबर १०० मीटर आणि गोळाफेक, एकूण ५० गुण. माझ्या मते हे मोजमाप पूर्वीपेक्षा शहाणं आहे. दम, वेग आणि ताकद, तिन्हींना जागा आहे. आता तालुक्याच्या क्रीडा संकुलाचं फाटक पहाटे चार वाजता उघडलं आणि दिवे लागले, तर ही मुलं ट्रकच्या उजेडात पळायची थांबतील. यासाठी मी अर्ज केले आहेत आणि आणखी करणार आहे.

मग मी २१ किलोमीटर कशासाठी पळते? आरोग्याचं काम तर जवळच्या गोडोलीपर्यंत जाऊन आलं तरी होतं. आठवड्यातले बाकीचे दिवस मी तेवढंच करते, आणि दोन संध्याकाळी मामांनी शिकवलेल्या बैठका आणि भिंतीला टेकून जोर. ते माझं औषध आहे आणि ते मी चुकवत नाही.

रविवारचा घाट वेगळा. पहिला अर्धा तास शरीर कुरकुरत असतं, डोक्यात बँकेतली थकलेली कर्जं, दूधवाल्याचं बिल, सासूबाईंच्या गोळ्या. वळणं सुरू होतात, मागे अजिंक्यतारा खाली खाली जायला लागतो, आणि कधीतरी श्वास आणि पाय आपसात ठरवून टाकतात. त्यानंतर दीड-दोन तास मला कुणी हाक मारू शकत नाही. आमच्या घरांत बाईला दोन तास कुणी हाक मारू नये अशी दुसरी जागा कुठे आहे? देवघरातही मारतात. त्या दोन तासांत मी वडिलांच्या जाण्याचं दुःख पचवलं, मुलीशी झालेला अबोला कसा मोडायचा ते ठरवलं, आणि कित्येकदा काहीच विचार केला नाही. पुढे पठारावर वारा लागतो, पावसाच्या शेवटाला कासची फुलं आलेली असतात, आणि अनोळखी माणसं नुसतं 'चला, चला' म्हणून पुढे जातात. आयुष्यात इतक्या कमी शब्दांत इतकी सोबत मला इतरत्र मिळालेली नाही. कुठलाही डॉक्टर ही चिठ्ठी लिहून देणार नाही, आणि या सुखासाठी मी कुठल्याही अभ्यासाचा दाखला मागत नाही.

त्याची किंमत असू शकते, हेही मला ठाऊक आहे. स्वीडनमध्ये बर्फावरून स्की करत जायच्या ९० किलोमीटरच्या शर्यतीत उतरलेल्या ५२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वांत जास्त शर्यती केलेल्यांत आणि सर्वांत वेगवान असलेल्यांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. त्याच शर्यतीतले लोक एकूणात सामान्य जनतेपेक्षा जास्त जगतात, हेही दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणून मी वर्षातून एकदा, शर्यतीच्या आधी, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या करून घेते. डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे की लयीत काही वावगं दिसलं तर मला स्पष्ट सांगायचं, माझ्या मेडलांकडे बघायचं नाही.

ते कधीतरी म्हणाले की मॅडम, २१ बंद करा, तर मी बंद करीन. गोडोलीपर्यंतचं पळणं, बैठका आणि जोर चालू राहतील, आणि माझी तब्येत आहे तशीच राहील, याची मला खात्री आहे. रविवारचे ते दोन तास मात्र मला दुसरीकडे कुठेतरी शोधावे लागतील, आणि त्यासाठी घरातल्यांशी भांडायची माझी तयारी आहे.